दशावताराच्या टेपा आणि बिघडलेले बॅकअप : कामाच्या नोंदी

३ जून २०२४, कुडाळ

दशावतार हे कोकणातलं लोकनाट्य करणाऱ्या, आमच्या भागातल्या एका मंडळाच्या मालकांकडे दीडशेच्या आसपास कॅसेटी होत्या. १९८९ ते २००२ या काळातल्या, जत्रांमध्ये रात्रभर रेकॉर्ड केलेल्या. बहुतेक सी-९०, म्हणजे दोन्ही बाजू मिळून नव्वद मिनिटांच्या, थोड्या सी-६०. त्या डिजिटल करायचं काम मी हाती घेतलं आणि ते मार्चमध्ये संपलं. माझा धंदा साउंड सिस्टीमचा. पावसात जत्रा नसतात, त्यामुळे हात मोकळे असतात.

दशावताराची संहिता कुठे लिहिलेली नसते. आख्यान ठरतं, राजपार्टी (राजाचं काम) कोण, स्त्रीपार्टी कोण, संकासूर कोण हे ठरतं, आणि संवाद तिथे उभ्या उभ्या सुचतात. म्हणजे त्या रात्री जे बोललं गेलं ते फितीवर आहे, दुसरीकडे कुठेच नाही. यातले बरेच कलाकार आता हयात नाहीत. काही फितींवर बुरशी आहे, काहींचा लेप डेकच्या हेडवर उतरतो. त्या पुन्हा वाजवणं म्हणजे आणखी झिजवणं.

सगळं ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ, वेव्ह फाइलींत. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, आयएएसएची, किमान शिफारस तेवढीच आहे. सेकंदाला २,८८,००० बाइट, म्हणजे सी-९०च्या एका बाजूची फाइल सुमारे ७७८ एमबी.

फाइलींचा प्रवास असा झाला. रेकॉर्डिंग लॅपटॉपवर. लॅपटॉपवर जागा कमी, म्हणून एका छोट्या डिस्कवरून त्या दुकानातल्या डेस्कटॉपवर. तिथून दोन एक्सटर्नल डिस्कवर. दुकानातली डिस्क 'अ', मालकांकडची 'ब', आणि ने-आण करणारी छोटी 'क'. पुढे याच नावांनी लिहितो.

मालकांनी 'ब' डिस्क टीव्हीला लावून ऐकली आणि फोन केला. "असो आवाज टेपीत नाय होतो रे. मधीच टक् करून वाजता." मी दोन्ही डिस्क तपासायला घेतल्या. चार वेगळी दुखणी निघाली: काही फाइली उघडतच नाहीत, काही अर्ध्यावर गप्प होतात, काहींत मध्येच टक्क असा आवाज येतो, आणि रात्रभराचा एक प्रयोग एकवीस मिनिटांत संपतो.

४ जून

आज दुरुस्ती काहीच नाही. फक्त एक नियम ठरवला: कारण सापडेपर्यंत तिन्ही डिस्कवर आणि डेस्कटॉपच्या त्या फोल्डरमध्ये एकही बाइट लिहायचा नाही.

डिस्क जोडल्यावर विंडोज विचारतं, यात गडबड दिसते, स्कॅन करून दुरुस्त करू का? नको म्हणा. ती दुरुस्ती फाइल सिस्टीमची असते, आवाजाची नसते. तुटलेले तुकडे 'फाउंड.०००' नावाच्या फोल्डरमध्ये 'सीएचके' फाइली बनून पडतात, त्यांची नावं जातात, आणि कुठला तुकडा कुठल्या आख्यानाचा हे शोधायला आठवडे जातात. त्याआधी वाचता येईल तेवढं सगळं दुसरीकडे वाचून घ्यायचं.

क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने तिन्ही डिस्कची तब्येत बघितली. बघायचे आकडे मुख्यतः तीन: ०५, सी५ आणि सी६. बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), वाचताना अडणारे सेक्टर, आणि वाचताच न आलेले. तिन्ही डिस्कवर हे शून्य. म्हणजे डिस्क मरायला टेकली आहे हा पहिला संशय बाजूला.

६ जून

उघडत नसलेल्या फाइलींचा उलगडा दहा मिनिटांत झाला. मालकांच्या पुतण्याने ठाण्याहून येऊन 'ब' डिस्क त्याच्या मॅकबुकला लावली होती. डिस्कवर एक्सफॅट ही फाइल सिस्टीम आहे, विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालणारी. मॅक अशा डिस्कवर फाइल लिहितो किंवा हलवतो तेव्हा फाइलीची जास्तीची माहिती ठेवायला, त्याच नावाआधी टिंब आणि अधोरेघ लावून एक जोडफाइल बनवतो. मॅकवर ती दिसत नाही. विंडोजवर आणि टीव्हीवर दिसते, नाव वेव्हचं असतं, आकार मात्र ४ केबी. ती वाजणार कशी? तिच्यात आवाज नसतोच. खऱ्या फाइली शेजारी धडधाकट आहेत.

पुतण्याने फोनवर "काका, अर्ध्या फाइली गेल्या" म्हणून सांगितलं होतं, ते यामुळे. आकारानुसार रांग लावली की या सगळ्या एका ठिकाणी गोळा होतात.

७ जून

एकवीस मिनिटांचा प्रयोग. तीन सी-९० कॅसेटींवरचं एकच आख्यान जोडून साडेचार तासांची एक वेव्ह फाइल केली होती. डिस्कवर तिचा आकार ४.६६ जीबीच्या आसपास, म्हणजे डेटा आहे. पण कुठलाही प्लेअर एकवीस मिनिटं आणि थोडे सेकंद एवढाच वेळ दाखवतो.

वेव्हच्या सुरुवातीला फाइलीचा आकार लिहायला ३२ बिटांची जागा असते. त्यात जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ एवढाच आकडा मावतो. त्याच्या पुढे गेलं की मोजणी पुन्हा शून्यापासून. माझ्या मापात ही मर्यादा ४ तास ८ मिनिटांवर येते. त्याच्या वरचा जो उरलेला भाग, तेवढाच या सुरुवातीच्या जागेत, हेडरमध्ये, लिहिला गेला.

सोडवणूक: ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये 'इम्पोर्ट रॉ डेटा'. २४ बिट, लिटल एंडियन, दोन चॅनेल, ४८,०००. ऑफसेट, म्हणजे सुरुवातीचे वगळायचे बाइट, ४४. इथे एक काळजी. ऑफसेट शून्य ठेवला तर बाइटांचे तीन-तीनचे गट चुकतात आणि कानठळ्या बसतील एवढी सरसर ऐकू येते. हेडफोन कानावरून काढूनच पहिल्यांदा प्ले करा. ४४ टाकल्यावर सुरुवातीला किंचित खरखर, आणि लगेच पायपेटीचा सूर, मागून झांज.

आता ती बाजूनिहाय सहा फाइलींत कापली. जोडून ठेवायचीच असेल तर आरएफ६४ (मोठ्या फाइलींसाठीचं वेव्ह) किंवा फ्लॅक (आवाज न गमावता आकार कमी करणारा प्रकार) वापरा, साध्या वेव्हमध्ये नको.

१० जून

अर्ध्यावर गप्प होणाऱ्या फाइली. या फक्त 'अ' डिस्कवर आहेत. आकार डेस्कटॉपवरच्या फाइलीशी शेवटच्या बाइटापर्यंत जुळतो. ऑडॅसिटीत उघडली की आवाजाची दाट पट्टी चालू असते आणि एका जागी ती सरळ रेघ होते, शेवटपर्यंत. फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या एचएक्सडीमध्ये त्या जागेपुढे बघितलं तर ०० ०० ०० ००, पानंच्या पानं.

शांतता आणि शून्य यांत फरक असतो. कॅसेटवरच्या शांततेतही फितीची सळसळ असते, दूरवर कोणी खोकतं. टेपच्या फाइलीत सलग शून्य दिसलं तर तो कॅसेटचा दोष नव्हे.

विंडोजच्या घटनांची नोंद दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कॉपी केली त्या रात्रीच्या वेळा तपासल्या. इव्हेंट क्रमांक १५७, डिस्क अचानक काढली गेली. डिस्कला कोणी हात लावला नव्हता. एका चार तोंडांच्या यूएसबी हबवर 'अ' डिस्क, ऑडिओ इंटरफेस आणि माउस असं सगळं होतं, आणि हबला स्वतःचा अडॅप्टर नाही. यूएसबी २च्या तोंडातून ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३च्या तोंडातून ९००. त्यातच सगळ्यांनी भागवायचं. डिस्कची मोटर वेग घेते तेव्हा तिला एकदम जास्त लागतं, वीज कमी पडते, डिस्क सुटते आणि दोन सेकंदांत परत जोडली जाते.

आकार कसा जुळला? कॉपी सुरू होतानाच पूर्ण आकाराची जागा राखून ठेवली जाते, डेटा मागाहून भरत जातो. मध्येच डिस्क सुटली की आकार पूर्ण राहतो आणि आतला भाग रिकामा. दुसऱ्या दिवशी उरलेली कॉपी लावताना 'आधीच असलेल्या फाइली वगळा' असं निवडलं होतं, त्यामुळे या अर्धवट फाइली पूर्ण समजून वगळल्या गेल्या. बॅकअप तपासताना आकार जुळला म्हणून समाधान मानणारे पुष्कळ जण आहेत. आकार जुळणं हा पुरावा नव्हे.

१४ जून

स्वतःचा अडॅप्टर असलेला हब आणला, १,४०० रुपये. डिस्कची मूळ केबल एका टोकाला सैल लागत होती, ती बदलली, ३५० रुपये. ऑडिओ इंटरफेस वेगळ्या तोंडावर हलवला. डिस्क थेट मशीनच्या मागच्या तोंडाला. पुढची तोंडं आतल्या लांब वायरीने जोडलेली असतात, मोठ्या कॉपीला मागचीच बरी.

रात्री रिकाम्या डिस्कवर मोठी कॉपी लावून ठेवली. मध्ये लाईट गेली, यूपीएसने तग धरला नाही. बॅटरी दमली होती, ती बदलली, १,१०० रुपये. एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंदवही, नसतं, लिहिताना वीज गेली तर सावरायला काही नसतं. विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएसमध्ये जर्नल आहे, पण ते फाइलींच्या नोंदी सांभाळतं, आतला डेटा नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर लाईटचा भरवसा नाही, तेव्हा चालू यूपीएसशिवाय कॉपी लावायचीच नाही.

पुन्हा लावली. १५७ एकदाही आला नाही.

१८ जून

टक्क. हे सगळ्यांत चिवट प्रकरण, आणि जूनचा जवळजवळ सगळा उरलेला भाग यात गेला.

पहिला संशय फितीवर. मालकांचं म्हणणं होतं की मूळ टेपेत हे नव्हतं. त्यांच्या कानावर माझा विश्वास आहे, पन्नास वर्षं त्यांनी हेच ऐकलंय. ज्या कॅसेटची फीत धडधाकट आहे अशी एक काढली, टक्क जिथे येतो ती जागा डेकवर वाजवली. मृदंग स्वच्छ. म्हणजे दोष फितीत नाही.

दुसरा संशय यूएसबी केबलवर. पण यूएसबीमध्ये डेटाच्या प्रत्येक पाकिटाला तपासणीचा आकडा, सीआरसी, असतो. पाकीट बिघडलं तर ते पुन्हा मागवलं जातं. खराब केबल कॉपी मंद करते किंवा डिस्क तोडते. गपचूप एखादा बाइट बदलून पुढे पाठवणं हे तिच्याकडून सहसा होत नाही.

मग हॅश, म्हणजे फाइलीतल्या सगळ्या बाइटांवरून काढलेला ठसा. विंडोजमध्ये सर्टयूटिल नावाची आज्ञा आधीपासून असते, ती कुठल्याही फाइलीचा एसएचए२५६ ठसा काढून देते. एक बिट बदलला तरी सगळा ठसा बदलतो. टक्क येणाऱ्या एका फाइलीचा ठसा डेस्कटॉपवर काढला. मशीन रीस्टार्ट करून त्याच फाइलीचा पुन्हा काढला. वेगळा आला.

फाइल तीच, डिस्क तीच, मध्ये कोणी काही लिहिलेलं नाही. 'क' डिस्क लॅपटॉपला लावून तिथल्या फाइलींचे ठसे काढले, ते मात्र दर वेळी सारखे. तेव्हा बोट डेस्कटॉपकडेच जातं. रीस्टार्ट का करायचं? एकदा वाचलेली फाइल रॅममध्ये राहते. लगेच दुसऱ्यांदा ठसा काढला तर तो त्या रॅममधल्याच प्रतीचा निघतो, चूक असली तरी सारखीच निघते.

२१ जून

एकाच बाजूच्या तीन प्रती घेतल्या: डेस्कटॉपवरची, 'अ'वरची, 'ब'वरची. विंडोजच्या एफसी आज्ञेला बायनरी तुलना करायला सांगितलं की कुठल्या जागी कुठला बाइट वेगळा आहे त्याची यादी मिळते. हे काम लॅपटॉपवर केलं, डेस्कटॉपवर नाही.

यादी छोटी निघाली. एका ७७८ एमबीच्या फाइलीत अकरा ओळी. जोड्या अशा: ०० आणि ४०. १३ आणि ५३. ३ए आणि ७ए. प्रत्येक जोडीत फरक ४० एवढाच. सोळाच्या पायावरच्या या अंकांत (० ते ९, मग ए ते एफ) ४० म्हणजे नेमका एक बिट, प्रत्येक वेळी तोच.

त्याहून मोठी गोष्ट डावीकडच्या रकान्यात होती. जागा फाइलभर विखुरलेल्या, पण प्रत्येक जागेचे शेवटचे तीन अंक एकच: बी२५. दुसरी फाइल घेतली. तिथेही बी२५. तिसरीत, 'ब'वरच्या, पुन्हा बी२५.

संगणक रॅम ४,०९६ बाइटांच्या पानांनी वाटतो. ४,०९६ म्हणजे सोळाचा घन, म्हणून पानातली जागा शेवटच्या तीन अंकांत दिसते. फाइलही अशाच पानांनी रॅममध्ये उतरते. रॅममधला एक ठरावीक बिट कायमचा 'एक'वर अडकलेला असेल, तर त्या पानावरून जो कोणी डेटा जाईल त्याच्या बी२५ या जागी तो बिट 'एक' होऊन बाहेर पडेल. डिस्कच्या दोषात असं कधी दिसत नाही, तिथे ५१२ किंवा ४,०९६ बाइटांचा अख्खा सेक्टर जातो.

हे कळल्यावर टक्क आवाजाचंही गणित लागलं. आवाजाचं एकेक मोजमाप म्हणजे नमुना, आणि २४ बिटांचा एक नमुना तीन बाइटांचा. ४,०९६ला तीनने भागलं तर बाकी एक उरते, म्हणून ही चूक पाळीपाळीने वरच्या, मधल्या आणि खालच्या बाइटावर पडते. वरच्या बाइटात पडली तर नमुना एकदम पूर्ण पट्टीच्या अर्ध्याने उडी मारतो. ऑडॅसिटीत जवळून बघितलं तर तो काटा दर वेळी वरच्या दिशेनेच, ०.५पर्यंत गेलेला. मधल्या बाइटात पडली तर फितीच्या सळसळीत हरवते. खालच्या बाइटात तर जगातल्या कुठल्याच कानाला कळणार नाही. म्हणजे ऐकू येणारा एक टक्क सापडला तर न ऐकू येणाऱ्या साधारण आणखी दोन चुका आहेत असं धरायचं. नुसतं ऐकून बॅकअप तपासणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

२३ जून

पेनड्राइव्हवर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ प्लस घालून डेस्कटॉप त्यावरून सुरू केला आणि रात्रभर सोडला. सकाळी लाल ओळी. पत्ता बी२०ने संपणारा, चुकीचा बिट तोच. मेमटेस्ट आठ-आठ बाइटांचे गट मोजतो, बी२० ते बी२७ हा एक गट, बी२५ त्यातच बसतो. शंका राहिली नाही.

रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत. एक-एक काढून पुन्हा लावलं. एक निर्मळ, दुसरीत चूक. आमच्याकडे खाऱ्या दमट हवेने पट्टीच्या सोनेरी दातांवर थर चढतो, म्हणून सगळे दुरुस्तीवाले आधी खोडरबराने दात घासतात, मग आयसोप्रोपिलने पुसतात. तेही केलं. काळपट थर निघाला, चूक तशीच राहिली. एकच बिट सतत अडकत असेल तर दात घासून उपयोग नाही, चिपच्या आतला कण गेलेला असतो.

२७ जून

सदोष पट्टी काढून टाकली. तशीच नवी आणली, १,७०० रुपये. रात्रभर मेमटेस्ट, एकही लाल ओळ नाही. नवी पट्टी लावल्यावरही तपासा, नवी आहे म्हणून सोडू नका.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो. बरेच कॉपी प्रोग्राम कॉपी झाल्या झाल्या पडताळणी करतात आणि हिरवी खूण देतात. ती पडताळणी कित्येकदा रॅममध्ये अजून असलेल्या प्रतीवरूनच होते, डिस्कवर काय उतरलं ते बघितलंच जात नाही. डिस्क नीट इजेक्ट करून, काढून, पुन्हा जोडून मग ठसे काढायचे. शक्य असेल तर दुसऱ्या मशीनवर.

१ जुलै

आता परत मिळवणं. १९९४नंतरच्या फाइली 'क' डिस्कवर अजून होत्या. त्या लॅपटॉपने लिहिलेल्या, डेस्कटॉपच्या रॅममधून गेलेल्या नाहीत. त्या तशाच उचलल्या, विषय संपला.

१९८९ ते ९३चा भाग अडचणीचा. 'क'वर जागा करायला तो पुसलेला होता. त्याच्या तीनच प्रती, तिन्ही डेस्कटॉपमधून गेलेल्या. पण दोष एकाच दिशेचा आहे: बिट शून्याचा एक होतो, एकाचा शून्य कधीच होत नाही. म्हणून तीन प्रतींत फरक असेल तिथे ज्या प्रतीत तो बिट शून्य, ती खरी. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने पायथनमध्ये वीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. तिन्ही फाइली बरोबरीने वाचायच्या आणि बाइटाबाइटाचा 'अँड' (सगळीकडे एक असेल तिथेच एक, नाहीतर शून्य) काढून चौथी फाइल बनवायची.

पहिल्या फेरीत काही फाइली अर्ध्यावर गप्प निघाल्या. 'अ' डिस्कवरच्या शून्य-शेपटीच्या प्रती त्यात मिसळल्या गेल्या होत्या, आणि शून्याशी कशाचाही 'अँड' शून्यच. त्या प्रती बाजूला काढून उरलेल्या दोन घेतल्या. मग ठीक.

चूक डेस्कटॉपवर येतानाच पडली असेल तर ती तिन्ही प्रतींत सारखी असते, तुलनेत दिसत नाही. पण ती असेल तर बी२५लाच असणार. भाचा म्हणाला, "मामा, मग फक्त त्याच जागा बघू ना." प्रोग्रामने बी२५च्या प्रत्येक जागेचा नमुना मागच्या-पुढच्या नमुन्यांशी ताडला, आणि जिथे एकट्याने वर उडी होती तिथे बिट शून्य केला. ऐकू येणारे सगळे टक्क यात गेले. मधल्या आणि खालच्या बाइटातल्या चुका अशा ओळखता येत नाहीत. त्या राहतील. कोणत्या फाइली अशा जोडून दुरुस्त केल्या त्याची नोंद प्रत्येक फोल्डरमध्ये वेगळ्या मजकूर-फाइलीत ठेवली, म्हणजे उद्या कोणी ऐकेल त्याला कळेल काय मूळचं आहे आणि काय सावरलेलं.

९ जुलै

सगळ्या वेव्ह फाइली फ्लॅकमध्ये घेतल्या. आकार कमी होतो हा फायदा आहेच, माझं कारण दुसरं. वेव्हमध्ये स्वतःला तपासण्याची काहीच सोय नाही. बिट बदलला तर ती निमूट तसाच वाजवते. फ्लॅक आपल्या पोटात मूळ आवाजाचा एमडी५ ठसा ठेवते आणि आवाजाच्या प्रत्येक तुकड्याला, चौकटीला, सीआरसी असतो. तपासणीची आज्ञा दिली की कुठली फाइल बिघडली ते ती स्वतः सांगते. तोटा असा की एक बिट बिघडला तर अख्खी चौकट, साधारण ४,०९६ नमुने, म्हणजे ८५ मिलिसेकंद हातचे जातात. वेव्हमध्ये एकच नमुना जातो. मला तोटा चालतो, कारण बिघाड कळला तर दुसरी प्रत आहे. कळलाच नाही तर दहा प्रती असून उपयोग नाही.

रूपांतर करण्याआधी रॅम तपासलेली असावी हे वेगळं सांगायला नको. चुकीच्या आवाजाचाही ठसा बरोबरच निघतो.

११ जुलै

फाइलींची नावं. गाव, देऊळ, जत्रा, आख्यान, राजपार्टी, साल असं सगळं नावातच देवनागरीत लिहिलं होतं. विंडोजवर चाललं. वाचनालयातल्या लिनक्स मशीनवर कॉपी करताना लांब नावं असलेल्या फाइली गाळल्या गेल्या, नाव फार लांब म्हणून. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४मध्ये नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रा-अनुस्वार धरून. 'सिंधुदुर्ग' एवढ्या एका शब्दाचेच तीस बाइट. सगळं मिळून ८५ चिन्हं मावतात. नावं आखूड केली: साल, गाव, आख्यान, बाजू. बाकी माहिती सोबतच्या तक्त्यात.

२० जुलै

अंतिम कॉपी. क्रम लिहून ठेवतो, कारण याच क्रमाने केलं तर पुढे त्रास कमी.

लॅपटॉपवर सगळ्या फ्लॅक फाइलींच्या एसएचए२५६ ठशांची यादी केली. यादी आधी, कॉपी नंतर. तीन डिस्कवर कॉपी, प्रत्येक वेळी एकच डिस्क जोडलेली. इजेक्ट, काढली, तासाभराने पुन्हा जोडली, ठसे ताडले. यादीची एक छापील प्रतही काढली, ती मालकांच्या कपाटात. एक डिस्क वाचनालयात, एक मालकांकडे, एक ठाण्याला पुतण्याकडे. कुडाळमधल्या दोन्ही हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरड्या करायच्या.

खर्च: हब, केबल, यूपीएसची बॅटरी, रॅम मिळून ४,५५० रुपये. तिसरी डिस्क नवी घेतली, ती वेगळी, ५,८०० रुपये. मंडळाने अर्धे देऊ केले. डिस्कचे घेतले, बाकी घेतले नाहीत.

११ ऑगस्ट

पावसाचा जोर असतानाच एकदा तपासायचं ठरवलं होतं. वाचनालयातली आणि मालकांकडची डिस्क दुकानात आणून ठसे ताडले. सगळे जुळले. पुतण्याने ठाण्याहून मॅकवर ताडून यादी पाठवली, तीही जुळली. टिंबाच्या जोडफाइली त्याने आधी वगळल्या होत्या.

१९९१ची एक कॅसेट राहिली आहे. तिच्या दुसऱ्या बाजूची 'अ'वरची प्रत शेपटीत शून्य, 'ब'वरची तिथेच तुटलेली, आणि डेस्कटॉपवरच्या प्रतीत शेवटच्या वीस मिनिटांत मधल्या-खालच्या बाइटांतल्या चुका किती ते ताडायला दुसरं काही नाही. फीत एका जागी तुटली आहे आणि बुरशी आहे. ती पुन्हा वाजवावी लागेल. मालक म्हणाले, "सावकाश कर. त्या राती माझो बापूस राजपार्टीत होतो." फीत जोडायची पट्टी मुंबईहून मागवली आहे. हवा कोरडी झाल्याशिवाय, म्हणजे दसऱ्यानंतरच, तिला हात लावणार.